उसनी मोळी

कोयता म्हणजे दोन माणसं. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी बोलताना चुकले. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली, बीडची. तिचे वडील बसस्टँडवर रिक्षा चालवतात. तिनं ऊस पाहिला तो रसवंतीच्या चरकात. ती म्हणाली, "आई, कोयता म्हणजे कापायचं हत्यार ना?" मी म्हटलं, "ते तर हायच. पण मुकादम म्हणतो, माझ्याकडं बारा कोयते हायत, तेव्हा चोवीस माणसं असतात. बारा नवरे आणि त्यांच्या बारा बायका." ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "मग बाईचं नाव कुठं लिहितात?"

तिनं सहज विचारलं. मी उठून शेळीला पाला टाकायला गेले.

उत्तर लांब आहे आणि मला तोंडानं सांगता येत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून तिच्या कॉलेजच्या वहीत मागं जी कोरी पानं राहिली आहेत, त्यांवर लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. अक्षर मात्र बरं आहे, आणि ह्या सगळ्या गोष्टीची सुरुवात त्या अक्षरापासूनच झाली.

आमचं गाव शिरूर कासारच्या अलीकडं, माळावर. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे ट्रक लागतात आणि गाव रिकामं होतं. मागं राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. मी लग्न झाल्याच्या पहिल्याच वर्षी तोडीला गेले आणि वीस-बावीस हंगाम केले. नक्की किती ते आता आठवत नाही.

काम सांगते. नवरा ऊस बुडातून तोडतो. बाई तो सोलते, वाढं छाटते आणि मोळी बांधते. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पानं. दोन वाढ्यांची टोकं एकमेकांत पिळून लांब बंध करायचा, मोळीखालून घ्यायचा, गुडघ्यानं मोळी दाबायची, पीळ द्यायचा आणि टोक आत खुपसायचं. गाठ मारायची नाही. गाठीत वाढं तुटतं, पिळात तुटत नाही. मग मोळी डोक्यावर घ्यायची आणि शेतातून गाडीपर्यंत जायचं. गाडीला एक लांब फळी तिरकी लावलेली असते, तिच्यावर पाय टेकायला पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्या फळीवरून हात न धरता वर चढायचं, कारण हात मोळीला. वर एखादा पुरुष उभा असतो, तो मोळी घेऊन रचतो. आपण उतरायचं, परत जायचं. गाडी भरेपर्यंत हेच.

अंगात साडीवर नवऱ्याचा जुना सदरा घालायचा, नाहीतर पानांनी हात चिरतात. सून ते फोटोत बघून म्हणाली, "आई, किती रुबाब आहे तुमचा!" रुबाब कसला, दोन्ही बाह्या फाटलेल्या होत्या.

आमचा मुकादम विष्णू. त्याला लिहायला यायचं नाही, पण त्याची नजर अशी की मोळी बघून ती कुणाची ते सांगायचा. गाडीजवळ काठी टेकून उभा राहायचा आणि बोलत राहायचा. "ही मास्तरणीची. ढिली हाय. काल नवऱ्यासंगं भांडली जणू." मास्तरीण म्हणजे मी. चौथी शिकले म्हणून. "आन ही उलट्या पिळाची, नामदेवच्या घरची." नामदेवच्या घरची म्हणजे शेवंता. ती डावरी. सगळ्यांचा पीळ उजवीकडं, तिचा डावीकडं. तिची मोळी गाडीतून आदळून पडली तरी सुटायची नाही.

शेवंताची आणि माझी कोपी नेहमी शेजारी असायची. कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, पाचटाची नि प्लास्टिकच्या कागदाची झोपडी. ती तोंडानं फटकळ आणि मी मुकी, म्हणून आमचं जमलं. मला पीठ उसनं मागायचीही लाज वाटायची. ती माझ्याकडं बघून ओळखायची आणि म्हणायची, "बोल की बये. पीठ हाय का मीठ?"

एका शेतमालकाची गोष्ट आठवते. आम्ही तोडीला जायचो तिकडच्या नदीकाठच्या गावचा, मोठा बागायतदार. तो हातात वीतभर काठी घेऊन आमच्या मागं फिरायचा आणि तोडलेल्या बुडख्याला लावून बघायचा. बुडात साखर जास्त असते, वरून तोडलं की त्याचं नुकसान. बरोबर आहे त्याचं. पण तो दिवसभर फिरायचा आणि त्याची बायको बांधावर बसून आमच्याकडं बघायची. एक दिवस तो तालुक्याला गेला. ती आली आणि हळूच म्हणाली, "बायांनो, आज आमच्या न्हाणीत आंघोळी उरकून घ्या. हे यायच्या आत."

बारा जणी रांगेनं गेलो. तोवर आम्ही पहाटे अंधारात, उसाच्या आडोशाला, एक जण लुगडं धरून उभी आणि दुसरी घाईनं पाणी ओतती, अशा आंघोळी करायचो. शेवंता न्हाणीतून बाहेर आली ती गप्प. ती गप्प म्हणजे काहीतरी झालं. मी खुणेनं विचारलं. म्हणाली, "आतून कडी लावली ना, मग मला कळंना, आता घाई कावून करायची."

ते आम्ही पुढं कितीतरी दिवस हसून एकमेकींना सांगायचो. हसण्यासारखं नव्हतं, पण हसायचो.

आता उसनी मोळी म्हणजे काय ते सांगते. कोयत्यातलं एक माणूस जरी एक दिवस कामावर आलं नाही, तरी तो खाडा धरतात, आणि खाड्याचे पैसे दोघांच्याही मजुरीतून कापतात. त्यामुळं अंगावर पाळी आलेली असो, ताप असो, बाळंत होऊन सव्वा महिना झालेला नसो, बाई घरी बसत नाही. मग आम्ही बायांनी आपसात एक रीत ठेवली होती. जिला होत नाही तिनं खाली बसून बांधायचं, आणि तिच्या मोळ्या दुसरीनं फळीवरून वर न्यायच्या. ती उसनी मोळी. पुढं कधीतरी फेडायची. कोण कुणाचं किती देणं लागतं ते कुणी लिहून ठेवलं नाही, पण विसरलंही कुणी नाही. पुरुषांना हे ठाऊक होतं की नव्हतं, माहीत नाही. मुकादमाला असणार. त्याला पिळावरून सगळं कळायचं.

एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यानं टोळीची यादी मागितली. मुकादमाचा लिहिणारा भाचा आजारी होता. आमचे हे पुढं होऊन म्हणाले, "आमची लिहिती." मला इतका आनंद झाला की अंगावर काटा आला. चौथीनंतर मी पहिल्यांदा कागदावर लिहीत होते. मुकादम सांगत गेला आणि मी वळणदार अक्षरात लिहीत गेले. बारा नावं. नामदेव, ज्ञानोबा, आमचे हे, सगळे. खाली रेघ मारली. कोयते बारा.

मी स्वतः अर्धा कोयता होते. तरी चोवीस नावं लिहावीत असं माझ्या मनात आलं नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. सुचलंच नाही. अक्षर चांगलं आलं ह्याच खुशीत मी होते.

पुढं महिन्याभरानं मला पाळी आली. माझं अंगावर फार जायचं. नंतर काही वर्षांनी मी गर्भाची पिशवीच काढून टाकली, आमच्या टोळीतल्या बऱ्याच जणींनी काढली. डॉक्टर म्हणाला काढा, आणि आम्हालाही वाटलं, कटकट गेली. पण ते पुढचं. त्या सकाळी मला उभं राहवत नव्हतं. शेवंता म्हणाली, "तू बांध. मी नेते."

"तुझ्या बी नेशील आन माझ्या बी?"

"मग काय तुला नेऊ डोक्यावर? बांध गप."

दहिवर पडलेलं होतं. फळी ओली होती. तिनं माझ्या चार मोळ्या वर नेल्या. पाचवी नेताना मी खाली बसून तिच्याकडंच बघत होते. फळीच्या मध्यावर तिचा पाय सरकला. तिनं मोळी सोडून दिली असती तर कदाचित फळीला धरता आलं असतं. तिनं मोळी सोडली नाही. मोळीसकट खाली आली, कमरेवर.

मोळी माझी होती. ढिली. पडल्यावर सुटली आणि तिच्या अंगावर ऊस पसरले.

आम्ही तिला ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून नामदेव, मुकादम आणि मी कारखान्याच्या ऑफिसात गेलो. ज्ञानोबाची बायको शेवंताजवळ थांबली, आणि ती पडताना मी बघितलं होतं म्हणून मला बरोबर घेतलं. ऑफिसातला माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. म्हणाला, कामगाराला लागलं असेल तर काहीतरी मदत होते, नाव सांगा. नामदेव म्हणाला, "शेवंता." त्या माणसानं कपाटातून यादी काढली, बोट फिरवलं, पान उलटलं. मागं कोरं होतं.

"ह्यात नाही शेवंता. कोण ही?"

"माझी बायको हाय, सायब. माझ्या कोयत्यातली."

"तुमचं नाव आहे. तुम्हाला कुठं लागलंय?"

नामदेव आपल्याच हातापायांकडं बघायला लागला. मुकादम म्हणाला, "सायब, कोयता म्हंजे दोघं आलेच की त्यात."

"तुमच्या बोलण्यात आले असतील. कागदात आलेले नाहीत."

यादी टेबलावर माझ्यासमोर होती. ते वळणदार अक्षर मी ओळखलं. "ही मी लिहिली, माझ्याकडून राहिलं," एवढं म्हणायचं होतं. त्यानं काही झालं असतं की नाही, देव जाणे. पण मी म्हटलं नाही. पदर तोंडाला लावून उभी राहिले.

पैसे संपले, म्हणून दवाखान्यातून तिला लवकर काढावं लागलं. गावाकडं एका हाड बसवणाऱ्यानं कंबर बसवली. ती वाकडी बसली. नामदेवचा कोयता मोडला होता, त्यानं बहिणीला बोलावून हंगाम पुरा केला. शेवंता पुन्हा कधी तोडीला आली नाही.

पुढच्या वर्षी मुकादमानं पुन्हा मलाच यादी लिहायला बसवलं. वर्षभर मी मनाशी ठरवलं होतं. ह्या खेपेला मी प्रत्येक नवऱ्याच्या नावापुढं बायकोचं नाव लिहिलं. कुणाला काही बोलले नाही, फक्त लिहिलं. आठ कोयते झाले तेव्हा मुकादम वाकून बघायला लागला. त्याला वाचता येत नव्हतं, पण ओळी लांब झालेल्या दिसत होत्या.

"का गं मास्तरीण, शाई लई झालीया का?"

मी खाली बघून म्हटलं, "बायांची बी नावं लिवलीत."

"बायांची?" तो ज्ञानोबाकडं वळला. "ऐकलं का बे? उद्या चुलीचं बी नाव लिवंल ही."

सगळे पुरुष हसले. आमचे हेही हसले. दोन बायाही हसल्या. मुकादम रागावला नाही की ओरडला नाही. रागावला असता तर कदाचित मी हट्टानं बसले असते. त्यानं नुसता दुसरा कोरा कागद पुढं सरकवला. आणि मी तो घेतला. त्याच्यावर पुरुषांची नावं लिहिली. आखूड ओळी.

पहिल्या यादीत मी अजाणतेपणी चुकले. दुसरी मी जाणून लिहिली. तिच्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. नामदेव वारला. शेवंता काठी घेऊन चालते, तीही घरापासून दुकानापर्यंत. मी दोन हंगामांपासून तोडीला जात नाही. अलीकडं ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं मिळायला लागली. बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं. मी तोडीला जात होते तोवरच माझं झालं, ते मी घरी आणून देवापाशी ठेवलं. पूजेला नाही, दुसरीकडं कुठं ठेवावं ते कळेना म्हणून. शेवंतानं ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "मला बी मिळंल का गं? भाऊसाहेब म्हणत व्हते, कार्ड असलं की कंबरेच्या आपरेशनचं योजनेत बघता येतंय." ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. आमचे भाऊसाहेब तरुण आहेत, कामाला चांगले आहेत, पण कागदाचे पक्के.

यंदा दसऱ्याच्या आधी ग्रामसभा झाली, ट्रक लागायच्या आत कार्ड राहिलेल्यांची नावं घ्यायला. पंचायतीसमोर लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष पुढं, बाया मागं भिंतीला टेकून. जे आता जात नाहीत त्यांनी जुना पुरावा द्यायचा होता. विष्णू मुकादम आता म्हातारा झाला आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. त्यानं पत्र्याच्या पेटीतून जुन्या याद्यांच्या प्रती आणून दिल्या. त्यांवरून ज्ञानोबाचं काम झालं, आणखी दोघा म्हाताऱ्यांचं झालं. ज्ञानोबा म्हणाला, "मास्तरणीचं अक्षर लई कामाला आलं."

मग शेवंता काठी टेकत पुढं गेली. भाऊसाहेबांनी याद्या चाळल्या. "आजी, ह्यात नामदेवरावांचं नाव आहे. ते असते तर लगेच झालं असतं. तुमचं नाव कुठंच नाही."

शेवंता म्हणाली, "मी तोडीवर व्हते की, सायेब. ही कंबर कुठं मोडली मग? नाचताना मोडली का?"

लोक हसले. भाऊसाहेबही हसले, पण म्हणाले, "मी काय करू आजी? वर कागद मागतात." आणि यादीची परत घडी घालायला लागले.

ती घडी घालताना माझं अक्षर मला पुन्हा दिसलं. कारखान्याच्या ऑफिसात दिसलं होतं तसंच.

मी उभी राहिले. का उभी राहिले ते मला तेव्हा कळलं नाही. सगळी माणसं मागं वळून बघायला लागली. सून माझ्याशेजारी होती, तिला वाटलं मला चक्कर येते आहे, तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "ती यादी मी लिवलीय."

"मग?" भाऊसाहेब म्हणाले.

"मी बायांची नावं लिवली न्हाईत. शेवंता टोळीत व्हती. माझ्या शेजारच्या कोपीत. मला बरं नव्हतं म्हणून ती माझी मोळी घेऊन चढली आन पडली. तिचं नाव न्हाई ते ती नव्हती म्हणून न्हाई. मी लिवलं न्हाई म्हणून न्हाई."

मग भिंतीला टेकलेल्या बायांतून ज्ञानोबाची बायको म्हणाली, "मी ट्रॅक्टरात हिचं डोकं मांडीवर घेतलतं." आणखी एक म्हणाली, "हिनं माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस माझ्या मोळ्या वर नेल्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं." मग तिसरी बोलली, चौथी बोलली. सगळ्यांकडं शेवंताचं काही ना काही उसनं निघालं.

भाऊसाहेब गोंधळले. "बायकांचं खरं असेल, पण टोळीच्या प्रमुखानं सांगायला पाहिजे." त्यांनी मुकादमाकडं बघितलं.

मुकादम खुर्चीत बसून होता. काठीनं मातीत रेघा ओढत होता. मला वाटलं, आता पुन्हा शाईचं काहीतरी बोलणार. तो शेवंताकडं बघून म्हणाला, "डावरी हाय ना तू?"

"आता म्हातारपणी उजवी हुईन व्हय?"

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "हिचा पीळ उलटा असायचा. पन्नास मोळ्यांत मी हिची वळखायचो. नाव लिवलेलं न्हवतं, पर मोळी हिचीच व्हती. लिवा. मी अंगठा देतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या येळंला दुसरा कागद मीच दिलता."

माफी मागितली असं मी म्हणणार नाही. तेवढंच म्हणाला.

भाऊसाहेबांनी कोरा कागद काढला आणि म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे, जबाब तुम्हीच लिहा." मी सतरंजीवर बसून लिहिलं. शेवंताचं पूर्ण नाव पहिल्या ओळीत. खाली बायांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. शेवटी मुकादमाचा अंगठा.

कार्ड यायला वेळ लागला, पण आलं. फोटोत ती डोळे वटारून बघते आहे, जणू फोटो काढणाऱ्यानंच तिला फळीवरून ढकललं. ऑपरेशनसाठी बीडच्या दवाखान्यात नाव घातलं आहे. बोलावणं कधी येईल माहीत नाही. सून पाठपुरावा करते. तिला बोलता येतं.

कार्ड आलं त्या दुपारी शेवंता माझ्या ओट्यावर येऊन बसली. मग मीच विचारलं, वर्षानुवर्षं विचारायचं होतं ते. "शेवंते, माझी मोळी फिटली का गं?"

तिनं कार्ड पदराच्या टोकात बांधलं, डाव्या हातानं, उलट्या पिळानं.

"कंबर अजून ठणकतीया," ती म्हणाली. "फिटती कशी? पर हलकी झाली जरा."